न चावता गिळणाऱ्यांचं पोट



आज मी शेणाबद्दल बोलणार आहे. कुणी जेवत जेवत ऐकत असेल तर आधी जेवण उरकून घ्या.

पायदळात असताना आमच्या डोंगरातल्या चौक्यांची रसद खेचरांवरून जायची. खेचर वाटेत लीद टाकायचं आणि मागून पाखरं येऊन त्यातले जवाचे अख्खे दाणे टिपायची. आमचे एक जुने हवालदार म्हणायचे, "साहब, आधा राशन तो चिड़िया खाती है।" अर्धं हे जरा वाढवून सांगितलेलं, पण मुद्दा पक्का होता. जनावरानं काय पचवलं आणि काय वाया घालवलं, ते लीद सांगते.

डायनोसॉरच्या बाबतीतही तेच. जठर, आतडी हे मऊ भाग सहसा दगडात टिकत नाहीत. मग ते अन्न किती पचवत होते, हे कळणार कसं? दात बघायचे, पोटातले दगड मोजायचे आणि अश्मीभूत विष्ठा फोडून बघायची. या विष्ठेला शास्त्रज्ञ कॉप्रोलाइट म्हणतात.

आधी लांब मानेचे शाकाहारी घेऊ, सॉरोपॉड. यांच्यापुढे हत्ती म्हणजे वासरू. दात पाहाल तर पेन्सिलीसारखे किंवा चमच्यासारखे. पाला ओरबाडायला ठीक, चावायला निरुपयोगी. दाढा नाहीतच. लहानपणी आपण वाचलं होतं की ते दगड गिळत आणि कोंबडीसारखं पोटात अन्न दळत. ओलिव्हर विंग्ज आणि मार्टिन सँडर या जर्मन शास्त्रज्ञांनी २००७ साली हे तपासलं, तेही शहामृगांवर. शहामृगाच्या पोटात त्याच्या वजनाच्या साधारण १ टक्का दगड असतात. सॉरोपॉडच्या सांगाड्यांबरोबर सापडलेले दगड ०.१ टक्क्याहूनही कमी भरतात. एवढ्यावर जातं चालत नाही.

म्हणजे चावणं नाही, दळणंही नाही. मग पचन रद्दीच असणार, असं वाटतं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

पण पचवणारं कोण असतं? पाल्यातला तंतू आपणहून पचवणं गाईलाही जमत नाही. ते काम तिच्या पोटातले सूक्ष्मजीव करतात, आंबवून. त्यांना दोन गोष्टी लागतात : बारीक केलेला माल किंवा भरपूर वेळ. गाय रवंथ करून माल बारीक करते. सॉरोपॉडनं वेळ दिला, असं आज मानलं जातं. गणित सोपं आहे. वजन १० पट झालं की पोटातली जागाही साधारण १० पट होते, पण शरीराची रोजची गरज साडेपाच पटींच्या आसपासच वाढते. त्यामुळे मोठ्या जनावराला अन्न जास्त दिवस आत ठेवणं परवडतं. महाकाय कासवं आजही हेच करतात. चावत नाहीत, आठवडाभर किंवा त्याहून जास्त काळ पोटात मुरवत ठेवतात.

युर्गेन हुमेल आणि सहकाऱ्यांनी २००८ साली जो प्रयोग प्रसिद्ध केला, तो मला फार आवडतो. त्यांनी डायनोसॉरच्या काळातल्या वनस्पतींचे आजचे नातेवाईक घेतले, वाळवून दळले आणि मेंढीच्या पोटातल्या द्रवात आंबवत ठेवले. किती वायू सुटतो, त्यावरून किती ऊर्जा मिळाली हे ठरवलं. इक्विसेटम नावाची वनस्पती गवताच्या तोडीस तोड निघाली. सायकस जातीच्या वनस्पती अगदीच कमी पडल्या. आणि अरौकारिया, म्हणजे हिल स्टेशनांच्या बागांत दिसणारं ते ख्रिसमस ट्रीसारखं झाड, सुरुवातीला काहीच देईना. पण तीन दिवस ठेवल्यावर तेही बरोबरीला आलं. ज्याच्या पोटात घाई नाही, त्यालाच ते झाड फळणार.

ही अटकळच होती म्हणा. पण २०२५ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधल्या एका सॉरोपॉडच्या पोटातला अन्नसाठा प्रसिद्ध झाला, सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात पानांचे आणि फळांचे ओळखू येतील असे तुकडे होते. तोडलेले, चावलेले नव्हेत.

मांसाहाऱ्यांचं पचन चोख असेल, असं आपण धरून चालतो. कॅनडातल्या सास्कॅचवान प्रांतात टायरॅनोसॉरस रेक्सची मानली जाणारी ४४ सेंटीमीटर लांबीची विष्ठा सापडली. कॅरेन चिन यांनी १९९८ साली तिचं वर्णन केलं. ती हाडांच्या चुऱ्यानं भरलेली होती. अल्बर्टातल्या दुसऱ्या एका नमुन्यात तर न पचलेल्या स्नायूंचे ठसे होते. या स्वारीनं भराभर गिळलं आणि भराभर बाहेर टाकलं. रोज शिकार मिळाली तर तेही चालतं.

आता आपल्याकडे या. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांत असे कॉप्रोलाइट मिळतात, ते टायटॅनोसॉर या सॉरोपॉडांचे मानले जातात. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी त्यांतले सिलिकेचे सूक्ष्म कण तपासले आणि २००५ साली जाहीर केलं की त्यात गवत आहे, एक नव्हे, निदान पाच प्रकारचं. डायनोसॉरच्या काळात गवत होतं याचा असा भक्कम पुरावा तोवर नव्हता. जे पचलं नाही, तेच साडेसहा कोटी वर्षं साक्षीला राहिलं. 

मी पिसदुऱ्याला जाऊन आलो. ज्यांच्या बांधावर उभा होतो ते शेतकरी म्हणाले, "साहेब, हे गोटे नांगराले लागतात, आम्ही बाजूला फेकून देतो." लोक येतात, खिसे भरून नेतात, असंही ते म्हणाले. कुठल्या थरातून, कुठल्या जागेवरून उचलला हे लिहून न ठेवता नेलेला गोटा अभ्यासाच्या फारसा कामाचा राहत नाही. माझ्याही हातात एक होता, मुठीएवढा, हाताला जड. खरं सांगतो, मोह झाला. मग जिथून उचलला होता, तिथेच ठेवला आणि आम्ही चहाला गेलो.