विल्सन कॉलेज कोणी घडवले?

इतिहास शिकवणाऱ्या आणि लिहिणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

या जागेवरून साऱ्या विषयाचा धावता आढावा घेण्याची रीत आहे. ती बाजूला ठेवून मी आज एकाच संस्थेबद्दल बोलणार आहे, मुंबईच्या विल्सन कॉलेजबद्दल. मिशनऱ्यांनी काढलेल्या कॉलेजांचा इतिहास आपण दोन तऱ्हांनी लिहीत आलो. एकीत उपकारांची आठवण असते, दुसरीत बाटवाबाटवीचा संशय. दोन्हींत करणारा एकटा मिशनरीच. ज्या मुंबईकरांनी आपली मुले तिथे घातली, रागाने काढून घेतली आणि पुन्हा नेऊन बसवली, ते दोन्हींत गप्प आहेत. हे कॉलेज त्यांनीही घडवले, असे माझे ठाम मत आहे.

स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये पत्नी मार्गारेटसह मुंबईत आले आणि मराठी शिकायला कोकणात हर्णैला जाऊन राहिले. मार्गारेटबाईंनी त्याच वर्षी मुलींसाठी शाळा काढायला घेतल्या. १८३५ मध्ये त्या वारल्या. सहा वर्षांच्या त्यांच्या कामाला आपल्या पुस्तकांत एखादे वाक्य मिळते, आणि ते मला खटकते. विल्सनांची आंब्रोलीची इंग्रजी शाळा निघाली १८३२ मध्ये. कॉलेजचे मूळ ते. त्याच वर्षी जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ सुरू झाले होते. मोरभट दांडेकर विल्सनांशी जाहीर वाद घालून आणि वर ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ लिहून मोकळे झाले होते. म्हणजे शाळा उघडली तेव्हा शहर बेसावध नव्हते. विल्सन कशासाठी आले आहेत हे पालकांना पक्के ठाऊक होते. इंग्रजी हवी होती, म्हणून बायबलचा तास त्यांनी चालवून घेतला.

१८३९ मध्ये मात्र हा व्यवहार मोडला. मे महिन्यात धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. धनजीभाईंनी मिशनातच राहायचे ठरवले आणि कोर्टाने त्यांना तशी मोकळीक दिली. पारशी समाज हादरला, पालकांनी मुले काढली, वर्ग ओस पडले. मिशनऱ्यांना आवर घालावा असा अर्ज सरकारकडे गेला. त्या पालकांना आपण सनातनी म्हणून निकालात काढतो. ते अन्यायाचे आहे. पोटचा मुलगा घरातून, जातीतून, वारशातून कायमचा जाणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. आणि धनजीभाईंचा निर्णयही तितकाच खरा होता; पुढे ते पाद्री झाले आणि आयुष्यभर त्यावर ठाम राहिले. या दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहिण्याची ताकद आपल्या इतिहासलेखनात यायला हवी.

चारच वर्षांनी याच शाळेतले नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन, म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केले. पण मिशनात जेवलेला मुलगा पंक्तीत कसा घ्यायचा? जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे ही बाजू घेतली, आणि मुंबईच्या ब्राह्मणांत उभी फूट पडली. शाळेने उभा केलेला प्रश्न असा हिंदू समाजाच्या अंगणात गेला आणि बराच काळ तिथेच धुमसत राहिला.

त्याच १८४३ साली स्कॉटलंडचे चर्च फुटले. विल्सन फ्री चर्चकडे गेले आणि नव्या इमारतीवर पाणी सोडावे लागले. तरीही संस्था उभी राहिली, कारण मुले पुन्हा येत होती. १८६१ मध्ये ती मुंबई विद्यापीठाला जोडली गेली. चौपाटीसमोरची आजची इमारत १८८९ ची. ती पाहायला विल्सन नव्हते, १८७५ मध्येच ते गेले. गिरनारच्या अशोकलेखाची नक्कल त्यांनी प्रिन्सेपकडे पाठवली होती. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत मराठी भाषेवरची टिपणेही त्यांचीच. हे विद्याप्रेम अस्सल होते. त्यामागचा धर्मप्रसाराचा हेतूही अस्सल होता, आणि त्यांनी तो कधी लपवला नाही.

लिव्हिंग्स्टनने आफ्रिकेतून आणलेली चुमा आणि विकाटानी ही मुले काही काळ विल्सनांच्या शाळेत होती. लिव्हिंग्स्टनचा देह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत पुढे हाच चुमा होता. मुंबईच्या शाळेच्या इतिहासात हा धागा कुणी नीट गुंफलेला नाही.

आता विद्यार्थी पाहा. दापोलीच्या मिशन शाळेतून विल्सनमध्ये आलेले पां. वा. काणे. त्यांनी धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास लिहिला आणि १९६३ मध्ये भारतरत्न मिळवले. बाळ गंगाधर खेर इथलेच, मोरारजी देसाईही इथलेच. यांपैकी कुणीही धर्म बदलला नाही. संस्थापकांच्या मूळ हेतूने मोजले तर हे अपयश ठरेल. पालकांनी १८३२ मध्ये जे मागितले होते त्याने मोजले, तर ते मागणे पुरते पदरात पडले.

म्हणून माझी विनंती आहे. मिशनचे इंग्रजी अहवाल आपण पुष्कळ वाचले. आता ‘प्रभाकर’, ‘ज्ञानोदय’, ‘जामे जमशेद’ यांचे जुने अंक काढू या. पारशी पंचायतीची आणि जुन्या घराण्यांची दप्तरे पाहू या. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचेही असेच काम व्हायला हवे. १८३९ च्या त्या अर्जावर सह्या करणाऱ्यांपैकी किती जणांची मुले-नातवंडे पुढे विल्सनमध्येच शिकली, हा प्रश्न एखाद्या तरुण संशोधकाने हाती घ्यावा. त्यासाठी लागणारे गुजराती वाचन करून देणारी माणसे शोधायची जबाबदारी मी घेतो.