अंध वादकाचीं बोटें आणि संगणकाचीं बटणें



आमच्या गोंडपिपरींत पावसाळ्याच्या रात्रीं भजन बसतें, तेव्हां पेटीवर असणारा तरुण जन्मांध आहे. तो माझा जुना विद्यार्थी. मध्येंच वीज गेली तर खंजिरीवाल्याचा हात क्षणभर थबकतो, ह्याचा थबकत नाहीं. पेटीच्या पट्ट्या काल जेथें होत्या तेथेंच आज असतात, आणि बोटांना तेवढें पुरतें.

दोन वर्षांपूर्वीं तो माझ्याकडे आला तो दुखावलेल्या मनानें. आजीच्या तोंडचीं भजनें मुद्रित करून घेण्यासाठीं तो तिला शहरांतील एका स्टुडिओंत घेऊन गेला होता. तेथील गृहस्थांनीं आजीचे श्वास, तिचें खांकरणें, दोन कडव्यांमधील तिचें थांबणें, सारें कापून टाकलें. ह्यानें हरकत घेतली तेव्हां ‘पडद्यावर काय आहे तें तुला दिसत नाहीं’ असें उत्तर मिळालें. पुढें चार महिन्यांनीं आजी वारली. तिच्या आवाजाचीं कांहीं मुद्रणें त्याच्या मोबाईलमध्यें तेवढीं उरलीं होतीं. तीं आपल्या हातानें नीट करावयाचीं, कोठें कापावयाचें तें आपण ठरवावयाचें, हा त्याचा हट्ट होता.

अंधांसाठीं संगणक बोलतो, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनास स्क्रीन रीडर म्हणतात. ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन ह्या अंध तरुणानें २००६ सालीं एनव्हीडीए नांवाचा असा वाचक रचावयास घेतला. तो विनामूल्य मिळतो व मराठीही वाचतो; उच्चार मात्र कानाला जरा रुक्ष लागतात. परंतु हा वाचक अक्षरें वाचतो, चित्रें नव्हे. संगीताच्या सॉफ्टवेअरमध्यें आवाज गहिरा करण्याच्या, घुमारा वाढविण्याच्या खुंट्या पुष्कळदां नुसत्या रंगविलेल्या असतात. डोळसाला सुंदर यंत्र दिसतें, अंधाच्या कानीं कांहींच पडत नाहीं. लुई ब्रेलनें १८२९ सालीं आपली लिपि प्रसिद्ध केली, तेव्हां त्याच पुस्तकांत संगीतलेखनाचीही सोय केली होती. तो स्वतः पॅरिसच्या चर्चमध्यें ऑर्गन वाजवीत असे. जी गोष्ट त्याला पहिल्याच पुस्तकांत सुचली, ती आजच्या कांहीं कारागिरांना सुचूं नये, ह्याचें मला नवल वाटतें.

आम्हीं उपाय केला तो मॅक्रोचा. मॅक्रो म्हणजे एकदां सांगून ठेवलेली हाताची चाल. एक कळ दाबली कीं, माऊस खिडकीच्या डाव्या कडेपासून अमुक अंतरावर आणि वरच्या कडेपासून तमुक अंतरावर जातो, टिचकी मारतो आणि ‘घुमारा’ असा शब्द उच्चारतो. असे मॅक्रो लिहिण्याचें ऑटोहॉटकी नांवाचें विनामूल्य साधन २००३ पासून उपलब्ध आहे. मी मॅट्रिक झालेला जुना मास्तर. अंतरें मोजून सांगण्यापलीकडे माझें ज्ञान नव्हतें. लिहिलें त्यानें. पहिल्या रात्रीं मी संवयीनें म्हणालों, ‘हें बघ, इथें आहे.’ तो हंसून म्हणाला, ‘गुरुजी, बटण दाखवूं नका, त्याचं नांव सांगा.’

आमच्याच विदर्भांतले गुलाबराव महाराज तान्हेपणींच अंध झाले. १९१५ सालीं ते वारले, तोंवर त्यांनीं ग्रंथांमागून ग्रंथ सांगितले आणि इतरांनीं ते लिहून घेतले. मॅक्रो हाही एक लेखनिकच. पण हा लेखनिक स्वतः आंधळा आहे, हें आमच्या ध्यानांत उशिरां आलें. एकदां त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ति आली आणि बटणें थोडीं सरकलीं. ह्यानें कळ दाबली. मॅक्रोनें नेहमींप्रमाणें ‘घुमारा’ म्हटलें, आणि टिचकी पडली ती सर्व खुंट्या मूळ जागीं नेणाऱ्या बटणावर! तीन रात्रींची जुळणी गेली. काय घडलें तें मॅक्रो सांगत नव्हता. त्याला जें बोलावयास शिकविलें होतें तेंच तो बोलत होता.

त्यानंतर त्यानें प्रत्येक मॅक्रोला एक अट घातली. आधीं बटणाचें चित्र पडद्यावर शोधावयाचें. जुळलें नाहीं तर टिचकी न मारतां ‘सांपडलें नाहीं’ असें म्हणून थांबावयाचें. पुढें त्याला रीपर ह्या मुद्रणाच्या सॉफ्टवेअरसाठीं केलेल्या ओसारा ह्या जोडणीचा शोध लागला. तीही जेम्स टेह ह्या अंध गृहस्थानेंच सुरू केलेली. ती चित्रावर बोट ठेवीत नाहीं. ती सॉफ्टवेअरलाच विचारते आणि कोणता ट्रॅक निवडला, तो बंद आहे कीं चालू, हें खरें तें सांगते. खुंट्यांचीं नांवें आणि त्यांचीं मापें एका यादींत मिळतात. बाणाच्या कळांनीं तीं बदलतां येतात. जी खुंटी त्या यादींत नसते तिच्यापुरता मॅक्रो अजून लागतो.

आजीचीं दोन भजनें आतां पुरीं झालीं आहेत. तिसऱ्यांत ती मध्येंच थांबून कोणाला तरी चूल पाहावयास सांगते. तेवढें ठेवावें कीं काढावें, असें मीं विचारलें. त्यानें तो तुकडा दोनदां ऐकला आणि ठेवला.