खेळाचे नियम कोण लिहिणार?

(यवतमाळ येथे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



बारावीचा निकाल लागला की यवतमाळच्या मध्यमवर्गीय घरांत काही ठरावीक शब्द कानावर पडतात. अभियांत्रिकी, वैद्यकीय, स्पर्धा परीक्षा, बँकेची नोकरी. अशा घरातील एखाद्या मुलाने वा मुलीने 'मला गेम डिझाइन शिकायचे आहे' असे सांगितले, तर क्षणभर घर स्तब्ध होते. मग वडील विचारतात, "हा अभ्यास आहे की अभ्यास टाळण्याची सबब?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या जिल्ह्यात महाविद्यालयाची फी कापूस विकल्यावर भरली जाते, तिथे वडिलांना असे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्यांना उत्तर मिळाले पाहिजे, आणि ते विद्यार्थ्याने आपल्या कामातून दिले पाहिजे.

म्हणून आधी हे काम काय असते ते पाहू. परस्परसंवादी माध्यमांच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला दिवसभर खेळत बसायचे नसते, खेळ घडवायचा असतो. बहुधा सुरुवात संगणकावर होतच नाही. ती कागद, पुठ्ठा, फासे आणि सोंगट्या यांपासून होते. खेळाडूचे ध्येय काय, त्याच्या हाती कोणत्या कृती आहेत, अडथळे कोणते, जिंकणे म्हणजे काय आणि हरणे म्हणजे काय, हे मोजक्या शब्दांत लिहून काढायचे. मग चार अनोळखी माणसांना तो कागदी खेळ खेळायला द्यायचा आणि आपण गप्प बसून पाहायचे. रचनाकाराला मध्ये बोलून समजवावे लागले, तर नियम फसला असे समजायचे. दुरुस्ती करायची आणि पुन्हा खेळायला द्यायचा. असे कित्येक फेरे झाल्यावर चित्र, ध्वनी आणि संगणकाची आज्ञावली यांची पाळी येते. यात तर्कशास्त्र आहे, गणित आहे, चित्रकला आहे, कथा आहे आणि माणसाच्या स्वभावाची पारख आहे. आळशी मुलाला झेपणारे हे काम नव्हे.

आपल्या समाजाला हे शास्त्र परके आहे काय? मुळीच नाही. सापशिडी म्हणून आज घरोघरी खेळला जाणारा खेळ मोक्षपट वा ज्ञानचौपड या रूपाने भारतात जुनाच आहे. परंपरा त्याचे श्रेय ज्ञानेश्वर माउलींना देते. त्याला समकालीन लेखी आधार नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु मराठी मजकुराचे जुने पट उपलब्ध आहेत, आणि पुण्याचे अभ्यासक वा. ल. मंजूळ यांनी त्यांचा परिचय करून दिला आहे. या पटांवर घरांना सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावे असत. हा पट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये बाजारात आला आणि हळूहळू त्यातला अध्यात्मविचार पुसट होत गेला. राहिले फक्त आकडे. पट तोच, पण अर्थ हरवला. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पाहा. एकशेवीस पानांचा हा खेळ, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पाने. अंकांच्या पानांत पाच रंगांत दहाचे पान वरचढ, तर उरलेल्या पाच रंगांत एक्का वरचढ. स्मरणशक्तीचा कस पाहणारी ही रचना रंगीत चित्रांइतकीच मोलाची आहे.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. कथेत लेखक सांगतो आणि वाचक ऐकतो. खेळात सांगण्याचे काम नियम करतात. मोक्षपटात खेळाडूच्या हाती निवड नाही, सारे दान कवड्यांचे वा फाशांचे. म्हणजेच तो पट चातुर्य शिकवत नाही. चढणारा केव्हाही घसरू शकतो, ही नम्रता तो शिकवतो. बुद्धिबळात दैवाला थारा नाही, तेथे सारी जबाबदारी खेळणाऱ्याची. दोन्ही खेळ एकही उपदेश न करता जीवनाविषयी काहीतरी म्हणतात.

नियम उलटे बोलू लागले तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. एलिझाबेथ मॅगी या विदुषीने १९०४ साली 'लँडलॉर्ड्स गेम' या नावाच्या पटाचे पेटंट घेतले. मूठभरांच्या हाती जमीन एकवटली की भाडेकरू कसा भरडला जातो, हे दाखवावे असा तिचा हेतू होता. पुढे त्याच पटावरून 'मोनोपॉली' हा खेळ निघाला आणि १९३५ पासून पार्कर ब्रदर्स या कंपनीने तो जगभर विकला. आपल्याकडील मुलांचा 'व्यापार' त्याच वंशातला. सगळ्यांना कफल्लक करणारा तेथे विजेता ठरतो. ज्या दोषाविरुद्ध खेळ रचला, त्याच दोषाचा आनंद घेण्याचे साधन तो बनला. हेतू उत्तम असणे पुरेसे नसते, नियमांनी तो हेतू पेलावा लागतो.

आता यवतमाळच्या विद्यार्थ्याकडे वळू. सत्रअखेरीस त्याला प्रकल्प सादर करायचा आहे. मोटारीची शर्यत, बंदुकीचा खेळ, परदेशी किल्ल्यातला राक्षस हे विषय जगातल्या हजारो विद्यार्थ्यांनी हाताळलेले आहेत आणि त्यांत त्याची गाठ कसलेल्या मंडळींशी आहे. मात्र त्याच्या अंगणात असे दोन विषय आहेत, जे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नाहीत.

पहिला विषय १९३० चा जंगल सत्याग्रह. दांडीला मीठ उचलले गेले. विदर्भाला समुद्र नाही, म्हणून येथे जंगलच्या जाचक कायद्याचा भंग करायचे ठरले. लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापले आणि अटक करून घेतली. डॉ. हेडगेवारांनी संघाची धुरा डॉ. परांजपे यांच्याकडे सोपवली आणि २१ जुलैला यवतमाळजवळ सत्याग्रह केला. त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली आणि अकोल्याच्या कारागृहात ठेवण्यात आले.

या प्रसंगावर खेळ रचायला बसले की पहिल्याच पायरीवर कोडे पडते. नेहमीच्या खेळात पकडले गेला तो हरला. सत्याग्रहात मात्र पकडले जाणे हेच साध्य! मग जिंकणे कशाला म्हणायचे? पोलिसाने लाठी उगारली असता खेळाडूला प्रतिकाराची कळ द्यायची की नाही? द्यायची, असे उत्तर सयुक्तिक वाटते. कारण हात उगारणे शक्य असताना तो आवरणे यालाच संयम म्हणतात. कळच नसेल तर संयम कसला? आणि जो तुरुंगात गेला त्याचे मागे राहिलेले काम कोण करणार, घरची चूल कशी पेटणार, याची व्यवस्था खेळाडूने आधीच लावून ठेवायची. अशा खेळात बंदूक नाही, रक्त नाही, तरी प्रत्येक चाल छातीत धडधड निर्माण करील. पाठ्यपुस्तकातील चार ओळींचा धडा मुलांच्या लक्षात राहत नाही. स्वतः निवड करून भोगलेला परिणाम सहसा विसरला जात नाही.

दुसरा विषय अधिक जवळचा आणि अधिक अवघड, तो म्हणजे कापूस. बाजारात शेतीचे खेळ उदंड आहेत. त्यांत बी टाकले की पीक येते, पीक विकले की नाणी मिळतात आणि नाण्यांनी मोठे शेत घेता येते. मेहनत करा, श्रीमंत व्हा, असा त्यांचा नियम. कळंब, राळेगाव, मारेगाव या तालुक्यांतल्या कोरडवाहू शेतकऱ्यासमोर हा खेळ ठेवला तर तो खिन्नपणे हसेल. मृगात पेरले आणि पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणी. उधारीचे बियाणे, उधारीचे खत. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली. त्याच वर्षी फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले. भाव हाती नाही. लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत २०२४-२५ साठी क्विंटलला ७,५२१ रुपये आणि २०२५-२६ साठी ८,११० रुपये जाहीर झाली. पण घरात देणेकरी बसला असता, सरकारी खरेदीची वाट पाहायची की मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याला घालायचा, हा निर्णय खरा.

या निर्णयांचा खेळ होऊ शकतो, आणि तो शहरातील मुलाने खेळला तर त्याला शेतकऱ्याची अगतिकता चार भाषणांपेक्षा अधिक कळेल. मात्र रचनाकाराची येथे सत्त्वपरीक्षा आहे. कष्ट केले की हमखास यश, असा नियम केला तर तो यवतमाळबद्दल खोटे बोलला, शिवाय जे बुडाले ते आळशी होते असेही न बोलता सुचवून गेला. काहीही करा बुडणारच, असा नियम केला तर त्याने निराशा विकली. तेही असत्यच, कारण शेतीला जोडधंदा उभारून, पाणी अडवून, एकमेकांना धरून तग धरलेली गावे आहेत. शेजाऱ्याने शेजाऱ्याला बैल देणे, गटाने मिळून फवारणीची सुरक्षित साधने घेणे, या चाली पटावर असायला हव्यात. आणि एक मर्यादा तर पाळायलाच हवी. कर्जाने खचलेल्या माणसाचा मृत्यू हे गुण कमावण्याचे वा थरार निर्माण करण्याचे साधन होता कामा नये. ज्याच्या आळीत असे घर आहे, त्या विद्यार्थ्याला हे शिकवावे लागणार नाही.

साधनांची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. 'गोडो' हे खेळ घडवण्याचे साधन २०१४ पासून खुले आहे, त्रिमित चित्रांसाठी 'ब्लेंडर' आहे. दोन्ही विनामूल्य. मराठीची अडचण मात्र खरी होती. अनेक साधनांत जोडाक्षरे फुटत, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसे. मग विद्यार्थी कंटाळून इंग्रजीकडे वळे. २०२३ साली आलेल्या 'गोडो'च्या चौथ्या आवृत्तीत भारतीय लिप्यांची मांडणी नीट होऊ लागली. आता 'मराठीत जमत नाही' ही सबब उरलेली नाही. प्रश्न इच्छेचा आहे. वऱ्हाडी बोलीत बोलणारी आजी, कोलामी पाड्यावरचा वाटाड्या आणि बंजारा तांड्यावरचे गाणे त्या खेळात अवतरले, तर त्यांचा दस्तऐवजही आपोआप तयार होईल.

पोटाचे काय, हा वडिलांचा प्रश्न अजून शिल्लक आहे. पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या चमूने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० साली आणला. पळवून नेलेल्या भावाला सोडवायला निघालेल्या मुलीची ही कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या निवेदनातून उलगडते. लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी चमूने माघार घेतली नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये उत्कृष्ट पदार्पणाच्या नामांकनात तो पोहोचला. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ॲनिमेशन आणि गेमिंग क्षेत्रासाठी कृतिदल नेमण्याची घोषणा झाली. पाठोपाठ मुंबईत या विषयांची राष्ट्रीय संस्थाही उभी राहिली. वाट आहे, पण ती गुळगुळीत नाही. या व्यवसायात अपयश पुष्कळ आहे. म्हणून विद्यार्थ्याने चित्रकला, संगणकाची भाषा किंवा लेखन यांपैकी एका कौशल्यावर तरी हुकमत मिळवावी, जी अन्यत्रही अन्न देईल.

पालकांच्या मनातली दुसरी भीतीही रास्त आहे. पैसे लावून खेळायच्या ॲपांनी अनेक घरे पोखरली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स तसेच शैक्षणिक खेळांना निराळे स्थान दिले. कायद्याने ही रेषा आखली. पण तीच रेषा विद्यार्थ्याने स्वतःच्या मनातही आखली पाहिजे. खेळाडूला व्यसन लागावे असे नियम रचणे हेसुद्धा याच शास्त्राने साधते. सुरी भाजीही चिरते आणि गळाही. खेळाडू उठून जाऊ लागला की त्याला खुशाल जाऊ देणारा खेळ हा सभ्य खेळ होय. ही कसोटी प्रत्येक प्रकल्पाला लावावी.

तेव्हा पालकांना विनंती एवढीच. मुलाने वा मुलीने हा विषय मागितला तर एकदम नाही म्हणू नका आणि एकदम होही म्हणू नका. पुठ्ठ्यावर एक खेळ करून दाखव, असे सांगा. त्याच्या आजोबांना खेळायला बसवा. आजोबा दुसरा डाव मांडा म्हणाले, तर फीचा विचार करायला हरकत नाही. आणि विद्यार्थी मित्रहो, आपली मुले या पुढेही खेळणारच आहेत. त्यांच्या हातातील खेळाचे नियम कोणीतरी, कोठेतरी लिहीतच असतो. ते लिहिणाऱ्यांमध्ये यवतमाळच्या काळ्या मातीची ओळख असलेला एकही हात नसेल, तर त्या खेळांत ही माती नसेल, आणि असलीच तर खोटी असेल. तो हात तुमचा असू द्या.