काच विकत घेण्याआधी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुण्याच्या बाजीराव रस्त्याजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं असतं. ते उभं करणारे दिनकर गंगाधर केळकर 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहीत. 1920 च्या सुमारास या कवीनं दिवे, अडकित्ते, वज्री, दौती, कोरीव दरवाजे गोळा करायला सुरुवात केली आणि संग्रह वीस हजारांच्या पुढे गेला. मांडलेल्या वस्तू मात्र अडीच हजारांच्या आसपास. बाकीच्या कपाटात, कारण जागाच नाही. एवढ्या नावाजलेल्या संग्रहाची ही गत, तर दोन खोल्यांच्या संग्रहालयांबद्दल काय बोलावं! त्यांना बोटानं चालणारा पडदा, म्हणजे टचस्क्रीन, खरोखर उपयोगी पडतो तो इथं. कपाटातली वस्तू प्रेक्षकासमोर आणायला.

मी कवी, बी.ए. झालेला. यंत्रांशी माझं नातं बेताचंच. पण शहराच्या जुन्या भागातल्या एका छोट्या संग्रहाच्या समितीत फलकांचं मराठी तपासायला मला घेतलं आहे. तिथं टचस्क्रीनची दरपत्रकं आली, तेव्हा ती वाचणं ओघानंच आलं.

पहिला प्रश्न, पडदा बोट ओळखतो कसा? एक तऱ्हा दाबाची. नखानं, पेन्सिलीनंही चालते, पण चित्र थोडं धूसर दिसतं आणि दाबून दाबून वरचा थर झिजतो. दुसरी आपल्या मोबाइलची. बोटाच्या स्पर्शानं काचेवरच्या विजेत जो सूक्ष्म फरक पडतो, तो ती टिपते. चित्र स्वच्छ, स्पर्श हलका. मात्र पावसातून आलेल्या ओल्या हातांनी ती गोंधळते. तिसऱ्या तऱ्हेत टीव्हीभोवती चौकट बसवून अदृश्य किरणांचं जाळं विणतात. मोठ्या पडद्याला ही स्वस्त पडते. पण खिडकीतलं ऊन थेट आलं की बावचळते, आणि माशी बसली तरी कुणीतरी बोट लावलं असं समजते. वाड्यातल्या संग्रहालयात ऊन आणि माश्या या दोन्हींची उणीव नसते.

मोठा पडदा सगळ्यांना भुरळ घालतो. पंचावन्न इंची तयार टच पॅनेल लाखाच्या घरात जातं. घरगुती टीव्हीला चौकट लावून पैसे वाचतात खरे, पण तो टीव्ही दिवसभर अखंड चालण्यासाठी घडवलेला नसतो, आणि दुकानात किंवा संस्थेत वापरला तर हमी लागू नाही, अशी बारीक अक्षरातली अट पुष्कळदा असते. शिवाय मोठ्या पडद्यासमोर एक जण उभा राहतो आणि मागचे पंधरा त्याची पाठ पाहतात. त्याच पैशात दहा इंची टॅब्लेट चार-पाच येतात. एक बिघडला तर बाकीचे चालू राहतात, आणि नवा आणायला लक्ष्मी रस्त्यापलीकडे जावं लागत नाही. माझं मत टॅब्लेटच्या बाजूनं आहे.

त्यांचीही दुखणी आहेत. रात्रंदिवस चार्जरला लावून ठेवला की बॅटरी फुगते. म्हणून टायमर लावून ठरावीक तासच चार्ज करावा. प्रेक्षकानं आपला कार्यक्रम सोडून भलतीकडे जाऊ नये यासाठी एकाच कार्यक्रमाला कुलूप लावण्याची सोय त्यात असते, ती वापरावी. वीज बराच वेळ गेली आणि टॅब्लेट बंद पडला तर तो सहसा कुणीतरी बटण दाबेपर्यंत उठत नाही. ज्यांना हे नको, त्यांनी रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा संगणक पाहावा. 2012 साली ब्रिटनमध्ये तो निघाला. वीज आली की आपोआप सुरू होतो; मात्र अचानक वीज गेली तर त्याचं मेमरी कार्ड बिघडू शकतं. तयार कार्डाची दुसरी प्रत टेबलाच्या खणात हवीच.

आणि मजकूर यंत्राच्या पोटात असावा, इंटरनेटवर अवलंबून नसावा. विक्रेत्याला आधीच विचारावं, तुमचं दुकान उद्या उठलं तर आमची चित्रं, आमचा मजकूर आमच्या हाती राहील ना? दरवर्षी भाडं भरल्याशिवाय न उघडणारा कार्यक्रम लहान संस्थेच्या गळ्यातला धोंडा होतो.

पण काचेवर दाखवायचं काय? दरपत्रकात या गोष्टीला एक ओळ होती, 'कंटेंट'. खरा खर्च तिथंच आहे. पुण्यात पेशवे दफ्तरात आणि 1910 साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी कागदांचा डोंगर आहे. जुन्या घराण्यांकडे आणि छोट्या संग्रहांतही ते असतात. काचेच्या पेटीतला मोडी कागद आज बहुतेकांना नक्षीसारखा दिसतो. कल्पना करा, ओळीवर बोट ठेवलं की खाली देवनागरी उमटते. 'छ' या अक्षरावर ठेवलं की कळतं, ही चंद्राची, म्हणजे हिजरी महिन्याची तारीख. 'इहिदे सितैन मया व अलफ' वर ठेवलं की उलगडतं: एक, साठ, शंभर आणि हजार. सुहूर सन 1161. पानिपतची लढाई झाली ती 14 जानेवारी 1761 या दिवशी, याच सुहूर सनात. पेशव्यांचे ब्राह्मण कारकून अरबी आकड्यांत वर्ष आणि मुसलमानी महिन्यांत तारीख घालत मराठी लिहीत होते. माझ्यासारख्याला हे कुणी वेगळं समजावून सांगायला नको. आमच्या घरी महिन्यांची हीच नावं लहानपणापासून कानावर पडत आली. शाळेच्या सहलीतल्या पोराला मात्र ते त्याच्या स्वतःच्या बोटानं कळावं, असं मला फार वाटतं. त्यासाठी मोडी नीट वाचणारा माणूस हवा, आणि त्याला मानधन हवं.

मग अक्षरं. जुन्या डीटीपीच्या फाँटमधला मजकूर नव्या यंत्रात गेला की त्याचा कचरा होतो. युनिकोडमध्येच टंकून घ्यावा. 'वऱ्हाड', 'तऱ्हा' हे शब्द पडद्यावर उमटवून पाहावेत. तिथला र तुटला तर फाँट बदला. मजकुराची भाषा मराठी आहे, हे यंत्राला सांगितलं नाही तर ते आपला पाकळीचा ल आणि देठाचा श सोडून हिंदी वळणाची अक्षरं देण्याचा संभव असतो. फारसी शिक्क्याचा मजकूर उजवीकडून डावीकडे धावतो की उलटा, तेही तपासावं.

हे सगळं विकत घेण्याआधी पुठ्ठ्यावर करून पाहता येतं. पडद्याएवढे कागद कापायचे, त्यावर चित्रं आणि बटणं काढायची, आणि एखाद्या आजींना म्हणायचं, बोट लावा. त्यांनी बोट लावलं की पुढचा कागद ठेवायचा. आम्ही हे केलं. बहुतेकांनी बटणाऐवजी चित्रावरच बोट ठेवलं. तेव्हा चित्रालाच बटण करायचं ठरलं. पुठ्ठा टेबलावर तिरका ठेवला, तेव्हा चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला आणि तिसरीतल्या मुलीला तो सारखाच पुरला. भिंतीवर लावला तर दोघांनाही पुरत नव्हता.

समितीपुढे आता दोन टॅब्लेट, तिसरा राखीव, आणि उरलेले पैसे मोडी वाचकाला, असा प्रस्ताव आहे. मोठ्या पडद्याचे पुरस्कर्ते अजून अडून आहेत. उद्घाटनाच्या फोटोत तो छान दिसतो, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही.