खुडूक कोंबडी आणि एकवीस दिवस

दारच्या चार कोंबड्यांपैकी एखादी एके दिवशी अंडी घालावयाची थांबते, टोपलीत ठाण मांडून बसते, पिसे फुलविते आणि जवळ हात नेला की टोच मारते. कोंबडी खुडूक झाली, असे अशा वेळी म्हणतात. घरच्या बाईपुढे तेव्हा एक लहानसा पण खरा प्रश्न उभा राहतो. साठविलेली अंडी बाजारात धाडावीत, की तिच्याखाली ठेवावीत? विकली तर आठवड्याचे तेलमीठ सुटते. ठेवली तर तीन आठवडे वाट पाहावी लागते, आणि पिल्ले निघतील व जगतील याची हमी कोणी देत नाही. खेड्यातील पुष्कळ घरांत कोंबड्यांचा पैसा हाच काय तो बाईच्या हातचा पैसा असतो. तेव्हा हा प्रश्न तिच्या भांडवलाचा आहे, आणि त्याचे उत्तर नशिबावर सोपविण्याचे कारण नाही.

खुडूकपणा हा रोग नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेल्या एका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचा स्राव वाढला म्हणजे कोंबडीचा अंडकोश आक्रसतो, अंडी थांबतात आणि उबविण्याची ओढ लागते. जास्त अंड्यांसाठी निवडीने वाढविलेल्या लेगहॉर्नसारख्या जातींतून ही ओढ जवळजवळ नाहीशी झाली आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी तयार केलेली वनराजा कोंबडीही क्वचितच खुडूक होते. साहजिकच, घरच्या घरी पिल्ले काढावयाची तर भिस्त देशी कोंबडीवरच ठेवावी लागते. ती वर्षाकाठी अंडी थोडी देते हे खरे. परंतु यंत्र, वीज आणि राखणदार या तिन्हींची कामे ती एकटी करते.

पहिली काळजी अंड्यांची. कळपात कोंबडा नसेल तर अंडी फलित नसतात, आणि ती कितीही उबविली तरी व्यर्थ. अंडी मध्यम आकाराची, स्वच्छ व न तडकलेली असावीत आणि शक्यतो आठवड्याच्या आतली असावीत. उन्हाळ्यात येथेच घात होतो. घरातील उष्म्याने अंड्यातील जीव अर्धवट वाढू लागतो आणि कोंबडी बसण्यापूर्वीच मरतो. म्हणून उबवणीची अंडी चुलीपासून दूर, ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात किंवा टोपलीत ठेवावीत. वाळू रोज शिंपडावी. अंडी मात्र कोरडी राहावीत.

देशी कोंबडीखाली दहाबारा अंडी पुरेत. हावेने पंधरावीस ठेवली तर कडेची थंड पडतात, आणि फिरता फिरता आतलीही कडेला येऊन बिघडतात. सर्व अंडी एकाच दिवशी ठेवावीत. पहिली पिल्ले निघाली की एकदोन दिवसांत कोंबडी टोपली सोडते आणि मागून ठेवलेली अंडी तशीच राहतात. टोपली पसरट असावी. तळाशी माती किंवा राख व वर भाताचे पेंढ घालावे. बसविण्यापूर्वी कोंबडीच्या अंगावर उवा नाहीत ना, हे पाहावे. उवांनी त्रासलेली कोंबडी उबवणी अर्ध्यावर टाकते. जागा बदलावयाची असल्यास ती रात्री बदलावी.

यापुढचे काम कोंबडीचे. छातीखालची पिसे झडून उघडी पडलेली ऊबदार कातडी ती अंड्यांना भिडविते. यंत्रात साडेसदतीस अंश सेल्सिअसच्या आसपास जी ऊब राखावी लागते, ती येथे आपोआप मिळते. दिवसातून अनेकदा ती चोचीने अंडी फिरविते; तसे न झाल्यास वाढता गर्भ कवचाच्या आतील पडद्याला चिकटतो. दिवसातून एकदा ती वीस-एक मिनिटे खाण्यापिण्यासाठी उठते. तेवढ्याने अंडी बिघडत नाहीत. मात्र दाणा-पाणी जवळच असावे.

सातव्या दिवशी रात्री अंधारात अंडे विजेरीपुढे धरून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर जीव धरला असे समजावे. अंडे नितळ दिसले तर ते काढून घ्यावे. मेलेले अंडे सडून फुटले तर शेजारच्या अंड्यांनाही घाण लागते. अठराव्या दिवसानंतर मात्र हात लावू नये. कवचाच्या आतून पिल्लांची चिवचिव ऐकू येते, कोंबडी मंद आवाजात तिला उत्तर देते, आणि एकविसाव्या दिवशी चोचीवरच्या इवल्याशा टोकाने पिल्लू कवच फोडते. घाईने कवच सोलून त्याला मदत करू जाणे बहुधा त्याच्या जिवावर बेतते.

खरा तोटा होतो तो याच्यापुढे. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पिल्लू दोन दिवस तग धरते. नंतर त्याला बारीक कणी व उथळ ताटलीत पाणी द्यावे. खोल भांड्यात पिल्ले बुडतात. पहिले काही आठवडे आईसह डालग्याखाली ठेवल्यास घार, कावळा, मांजर व मुंगूस यांपासून बचाव होतो. रोगांत सर्वांत घातक मानमोडी, म्हणजेच राणीखेत. कुमाऊंतील ज्या गावावरून या रोगाला हे नाव पडले, त्याला सर्वत्र भिण्याचे कारण पडते. पहिल्या आठवड्यातच डोळ्यात अथवा नाकात लशीचा थेंब टाकून घेणे हा त्यावरचा उपाय आहे. एकट्या घराची पाचसहा पिल्ले असतील तर लशीची अख्खी कुपी वाया जाते. चार घरांनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसविल्या तर तीच कुपी सर्वांना पुरते.

आणि प्रत्येक खुडूक कोंबडी बसविलीच पाहिजे असे नाही. ऐन मे महिन्यात, किंवा गावात रोगाची साथ असताना, अंडी विकणेच शहाणपणाचे. अशा वेळी कोंबडीला पाण्यात बुचकळण्याची चाल आहे, ती सोडावी. जाळीच्या तळाच्या हवेशीर खुराड्यात दाणापाण्यासह तीनचार दिवस ठेवले की तिची ओढ बहुधा ओसरते व काही दिवसांनी ती पुन्हा अंडी घालू लागते.

बसवावयाचे ठरले तर मात्र आजच्या डझनभर अंड्यांचे मोल बाजारभावाने करू नये. त्यांतील पाचसहा तलंगा जरी हाताशी आल्या, तरी पुढच्या वर्षीची अंडी, पुढची खुडूक कोंबडी आणि अडीअडचणीला विकावयाचा कोंबडा, हे सारे त्या एका टोपलीतून निघते. तीन आठवड्यांचे काम कोंबडी चोख करते. तिच्या आधीचा एक आठवडा आणि तिच्या नंतरचे दोन महिने माणसाने सांभाळले पाहिजेत.