पीस कोणाला दिसते?

ट्राउट हा मासा आपल्या कन्हान नदीत नाही आणि कधी येणारही नाही. कारण साधे आहे. दहा अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे 11.3 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. तेच पाणी तीस अंशांवर गेले की जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. शिवाय पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे मिळकत घटते आणि खर्च चढतो. वैशाखातल्या आपल्या डोहात या थंड पाण्याच्या माशाचा निभाव लागणे शक्य नाही. तरीही आपल्या रामाकोना गावात या माशावर बोलण्याला आधार आहे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या तळ्यांत ट्राउट धरण्यासाठी गळावर ज्या कृत्रिम माश्या बांधल्या जात, त्यांतल्या कित्येकांवर हिंदुस्थानातल्या पाखरांची पिसे असत. त्यांपैकी मोर आपल्या शेतात रोज दिसतो आणि दुसरा, करडा रानकोंबडा, आपल्या सातपुड्याचाही रहिवासी आहे. पचमढीच्या बाजूला तर लाल आणि करड्या रानकोंबड्यांच्या हद्दी एकमेकींना भिडतात.

आता या माश्यांतली बुडती माशी, जिला तिकडे वेट फ्लाय म्हणतात, ती काय आहे ते पाहू. लोखंडी गळावर दोरा, लोकर, जर आणि पिसे गुंडाळून केलेला हा किडा पाण्याखाली ओढायचा असतो. करड्या रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसाला यात मोठा मान. त्या पिसाची दांडी मध्येच चपटी होऊन त्यावर लाखेचा थेंब वाळावा तसे पिवळट पांढरे, चकचकीत ठिपके उठतात. असे पीस दुसऱ्या पाखराजवळ सहसा सापडत नाही. डंकेल्ड नावाची तळ्यावरची जुनी माशी घ्या : अंग सोनेरी जरीचे, गळ्याशी नारिंगी पिसांचा झुपका आणि दोन्ही गालांवर रानकोंबड्याचे ठिपके. पेटीत ठेवली तर दागिनाच वाटावी. माझे म्हणणे एवढेच की हा दागिना प्रामुख्याने माणसाच्या डोळ्यांसाठी घडवलेला होता. तळ्यातल्या ट्राउटला माशीचे आकारमान कळते, काळी की उजळ हे कळते, ती किती खोल आहे आणि कशी हलते हे कळते. पीस कुठल्या रानातले, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

याचा पुरावा माशाच्या पोटातच सापडला. नदीतला ट्राउट एका जागी प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो आणि प्रवाह त्याला ताट वाढतो. तळ्यात प्रवाह नाही. तिथे माशाला अन्नाच्या शोधात हिंडावे लागते, आणि जे सापडेल ते न्याहाळायला सवडही असते. इंग्लंडातल्या सॉमरसेट परगण्यातले ब्लॅगडनचे तळे 1904 साली गळासाठी खुले झाले. पहिल्या महायुद्धानंतर त्या परिसरात वैद्यकी करणारे डॉ. बेल तिथे मासे धरीत आणि धरलेल्या माशाचे पोट उघडून आत काय आहे ते तपासत. रोग्याची नाडी पाहणाऱ्याला ही पद्धत सुचावी, यात नवल नाही. पोटात निघाले ते डासासारख्या पण न चावणाऱ्या चिलटांचे कोष. या चिलटांच्या अळ्या तळाच्या गाळात वाढतात; काहींच्या अंगात आपल्यासारखेच रक्तद्रव्य असल्यामुळे त्या लाल दिसतात. आपल्या गावतळ्याचा गाळ उपसला तरी अशा अळ्या दिसतील. पुढे त्यांचे कोष हळूहळू वर चढतात, पाण्याच्या पृष्ठभागाखाली लोंबकळतात आणि तिथेच ट्राउट त्यांना टिपतो. बेल यांनी या कोषासारखे काळपट, सडपातळ अंग बांधले, श्वासतंतूंच्या जागी पांढऱ्या धाग्याचा कुंचला ठेवला आणि ती माशी जवळजवळ स्थिर ठेवून वापरली. त्यात रानकोंबडा नव्हता.

दुसरे उदाहरण टी. सी. आयव्हन्स यांचे. स्थिर पाण्यातल्या या विद्येवरचे त्यांचे पुस्तक 1952 चे. ‘ब्लॅक अँड पीकॉक स्पायडर’ ही माशी त्यांनी लोकप्रिय केली, आणि ती बांधायला जेमतेम दोन वस्तू लागतात. गळाच्या दांडीवर काळा दोरा बाकापर्यंत गुंडाळायचा. मोरपिसाचे तीन-चार तंतू तिथे अडकवून, दोऱ्याला पीळ देऊन, पुढे नेढ्यापर्यंत वेढे द्यायचे. मग मानेचे एक काळे पीस दोन वेढे घेऊन बांधायचे आणि गाठ मारायची. इथे खरी मेख आहे. हे पीस कोंबडीचे हवे, कोंबड्याचे नको. कोंबड्याचे पीस ताठ आणि चमकदार असते, पाण्यावर तरते, म्हणून ते तरंगत्या माशीला चांगले. कोंबडीचे पीस मऊ असते, पाणी पिते आणि किंचित ओढीनेही पाय हलवल्यासारखे हलते. अंगणात उकिरडा उकरणाऱ्या गावरान काळ्या कोंबडीकडे जे आहे, ते रानातल्या राजबिंड्या कोंबड्याकडे नाही. या ओबडधोबड माशीला मासा कधी गोगलगाय समजतो, कधी पाणभुंगेरा. दोर सावकाश, वीत वीत ओढावा लागतो. घाई केली तर ही सगळी नक्कल फुकट जाते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की डंकेल्डनेही पिढ्यान्‌पिढ्या मासे धरले, ते कसे? धरले, यात शंका नाही. पण मासा ज्या माशीला लागला तिच्या प्रत्येक पिसाला त्याचे श्रेय देणे, हे पाऊस पडला म्हणून बेडकाच्या लग्नाला श्रेय देण्यासारखे आहे. पेटीत भडक माश्या असतील तर मासे भडक माश्यांनाच लागणार. शिवाय या नटव्या बांधणीचा मोठा वारसा सामन माशाच्या माश्यांचा. सामन अंडी घालायला समुद्रातून नदीत चढतो तेव्हा तो खातच नाही. त्यामुळे त्याला काय दाखवावे याला अन्नाची कसोटीच लागू नव्हती आणि बांधणाऱ्याच्या हौसेला मोकळे रान मिळाले. तळ्यातला ट्राउट रोज खातो. त्याच्यापुढे हौस चालवून पाहता येते, पण हौसेचा हिशेब त्याच्या पोटात निघतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ट्राउट उन्हाळ्याच्या अखेरीस माशांच्या पिलांमागे लागतो, आणि रानकोंबड्याचा ठिपका पिलाच्या डोळ्यासारखा दिसतो. हे मला मान्य आहे. डोळा ही खूण शिकारी माशाला उपयोगी पडत असावी. पण मग लागतो तो डोळा. ते पीस नव्हे. रंगाचा एक ठिपका तेच काम करतो. पुढे कायद्याने आपल्याकडून रानातल्या पाखरांच्या पिसांची वाट बंद झाली, तेव्हा तिकडच्या बांधणाऱ्यांनी काही ठिकाणी पाळलेल्या पाखरांची पिसे घेतली, काही ठिकाणी कृत्रिम ठिपके लावले. मासे धरणे काही थांबले नाही.

कोणी विचारील, हे परक्यांचे शौक आपण कशाला उगाळायचे? त्याला बाराव्या शतकातले उत्तर आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती, दोरी, गळ आणि कोणत्या माशाला कोणते खाद्य घालावे, याचा विचार त्यात केला आहे. सुंदरलाल होरा यांनी 1951 साली त्यावर लिहून ते मत्स्यशास्त्रज्ञांपुढे आणले. माशाला काय हवे हे आधी पाहावे, मग गळ टाकावा, हा डॉ. बेल यांचा क्रम इथेही दिसतो. आपल्या ढीवर-भोयांना तो कोणी पुस्तकातून शिकवावा लागत नाही.

मोराची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. आयव्हन्स यांच्या माशीला मोरपीस खरोखर लागते. त्याचे तंतू ओले झाल्यावर जसे तांबूस-हिरवे चमकतात तशी चमक स्वस्त धाग्यात येत नाही. मोर 1963 पासून राष्ट्रीय पक्षी. पावसाळा सरताना त्याचा पिसारा आपोआप गळतो आणि बांधावर पडलेली पिसे पोरे गोळा करतात. कायद्याने अशा गळलेल्या पिसांची देशातली देवघेव चालते, निर्यात चालत नाही. त्यामुळे तिकडचे बांधणारे आता तिकडच्या बागांत पाळलेल्या मोरांची पिसे वापरतात. अडचण आपल्याच बाजारात आहे. गळलेल्या आणि उपटलेल्या पिसाची चमक सारखीच. विकत घेणाऱ्याला दोन्ही एकच. फरक असतो देठाच्या टोकाला. गळलेल्या पिसाचे टोक कोरडे आणि स्वच्छ असते, उपटलेल्याच्या टोकाशी रक्ताचा किंवा मांसाचा अंश राहू शकतो. विक्रेता तेच टोक कापून देतो, तेव्हा पीस मागे ठेवावे.