हँडल पाच मिलिमीटर वर

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत आम्हा सकाळच्या सायकलवाल्यांच्या वतीने केलेले भाषण.)



या व्यासपीठावर मोठमोठे विषय झाले. संत झाले, इतिहास झाला, शेती झाली. आज आम्ही सायकलच्या हँडलावर बोलणार आहोत. बोलायला एक जण उभा असला तरी बोलणं पाच जणांचं आहे. पहाटे साडेपाचला डोक्यावर हेल्मेट घालून पेठेतून जातात आणि ज्यांच्या मागं कुत्री लागतात, ते आम्हीच.

आमच्यातल्या चौघांनी पन्नाशी ओलांडली आहे. लहानपणी आमची सायकल म्हणजे काळी, जड, कॅरेजवर दुधाचे कॅन नाहीतर गवताचा भारा. तिच्यावर पाठ ताठ ठेवून बसायचं. दूधगंगा ओलांडून दत्तवाडला गेलो की महाराष्ट्र, परत आलो की कर्नाटक. पण सायकलीला सीमा कधी कळली नाही, आणि आम्हालाही हँडल कुठं असावं हा प्रश्न कधी पडला नाही. दुकानातून आली तशी चालवली.

प्रश्न पडला तो चार वर्षांपूर्वी. आमच्यातल्या एकाला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज व्यायाम हवा. पुण्यातल्या मुलानं वडिलांसाठी गिअरची रेसिंग सायकल पाठवली. पातळ टायर, वजनाला हलकी, आणि हँडल एडक्याच्या शिंगांसारखं पुढं जाऊन खाली वळलेलं. गावात कौतुक झालं. आमचा गडी रोज बोरगाव रस्त्यानं जाऊ लागला.

महिनाभरात त्याचं येणं कमी झालं. मग बंदच झालं. विचारलं की म्हणायचा, ऊस तोडायचाय, पाहुणे आलेत. सायकल गोठ्यात पोत्याखाली गेली. शेवटी एकदा चहाला बसल्यावर त्यानं सांगितलं. अर्धा तास सायकल चालवली की उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं. घरी आल्यावर शर्टाची गुंडी लागायची नाही. साखरेनं नसा जातात हे त्यानं ऐकलेलं होतं. आपल्या नसा गेल्या, असं धरून तो गप्प बसला होता. घरी बायकोलासुद्धा बोलला नव्हता.

आम्ही त्याला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न केला, "नेमकी कुठली बोटं?" मग पाय तपासले, साखर तपासली. साखरेचा बधिरपणा बहुतेक वेळा पायाच्या बोटांपासून, दोन्ही बाजूंनी सुरू होतो, असं त्यांनी समजावलं. करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू ही एकाच नसेकडे असते. ती नस कोपरामागून येते आणि मनगटाशी, तळहाताच्या करंगळीकडच्या बुडातून आत जाते. हँडलावर वाकून सगळा भार हातावर टाकला की नेमकी तीच जागा दाबली जाते. अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर होत असतील तर दुसरी नस, तळहाताच्या मधली. ते म्हणाले, "सायकल सोडू नका. सायकलीवर बसायची रीत बदला."

मंडळी, त्या दिवशी आम्हाला आमची लाज वाटली. घरी गणपती बसवताना पाट जरा डगमगला तर आपण खाली कागदाची घडी सारतो, पाट सारखा करतो. आणि आपलं शरीर दुखलं की म्हणतो, वय झालं.

मग आम्ही शिकायला लागलो. इचलकरंजीच्या एका मेस्त्रींनी पुष्कळ सांगितलं, बाकीचं चुकत शिकलो. ते इथं मांडतो.

पहिली गोष्ट, हँडलाला हात लावायच्या आधी सीट बघायची. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय जेमतेम सरळ व्हावा, ही साधारण उंची. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर माणूस पुढं घसरत राहतो आणि तो भार हात झेलतात. आमच्या मित्राची सीट तशीच झुकलेली होती. ती सपाट केली तेव्हाच निम्मं दुखणं कमी झालं.

दुसरी गोष्ट, हँडल किती उंच आणि किती लांब. या सायकलीला हात ठेवायच्या तीन जागा असतात: वरची सरळ दांडी, ब्रेकच्या मुठी आणि खालचा वाक. बहुतेक वेळ हात मुठींवर असतात, म्हणून तिथं हात ठेवून तपासायचं. कोपर किंचित वाकलेलं, खांदे कानाला न चिकटलेले, मनगट सरळ. चालवताना हात क्षणभर हलके केले तर माणूस पुढं कोसळता कामा नये. कोसळत असेल तर हँडल फार खाली किंवा फार लांब आहे.

हँडल आणि चिमट्याची नळी यांना जोडणारा जो तुकडा असतो त्याला स्टेम म्हणतात. स्टेमच्या खाली-वर पातळ कड्या असतात. वरच्या कड्या काढून खाली घातल्या की हँडल तेवढं वर येतं. नळी तिरपी असल्यामुळं १० मिलिमीटर वर घेतलं की ते सुमारे ३ मिलिमीटर जवळही येतं. कड्या संपल्या तर स्टेम उलटा करून बसवता येतो. १०० मिलिमीटरच्या स्टेमला सहा अंशांचा कोन असेल तर उलटवल्यावर हँडल सुमारे २ सेंटिमीटर वर येतं. तरीही लांब वाटलं तर आखूड स्टेम घ्यायचा. हँडलाची रुंदी साधारण आपल्या खांद्यांएवढी असावी. आणि एका वेळी एकच बदल, तोही पाच मिलिमीटरचा. मग चार दिवस चालवायची, वहीत लिहून ठेवायचं. सगळं एकदम बदललं तर कशानं बरं वाटलं ते कळत नाही.

आता आमची फजिती. स्टेमच्या डोक्यावर एक बोल्ट असतो आणि बाजूला दोन. आम्हाला वाटलं, वरचाच मुख्य. तो दम लावून आवळला आणि बाजूचे नुसते हातानं फिरवून सोडले. दुसऱ्या दिवशी नदीकडच्या वळणावर आमच्यातल्या एकानं हँडल वळवलं, हँडल वळलं, पण चाक सरळ उसात गेलं. हसू नका, कोपर फुटलं होतं. पलीकडून उसाचा ट्रॅक्टर येत असता तर आज आम्ही चौघंच इथं असतो.

म्हणून क्रम नीट लक्षात ठेवा. वरचा बोल्ट फक्त नळीच्या बेअरिंगमधली ढिलाई काढण्यापुरता. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढं-मागं हलवली तर खडखड येऊ नये आणि हँडल जड फिरू नये, एवढाच आवळायचा. मग हँडल चाकाशी काटकोनात आणायचं. त्यानंतर बाजूचे दोन बोल्ट आलटून पालटून आवळायचे. हँडल घट्ट धरतात ते हेच. किती आवळायचं तो आकडा बहुधा स्टेमवरच छापलेला असतो, पुष्कळदा ५ न्यूटन-मीटर. कार्बनची नळी असेल तर अंदाजानं आवळूच नका, मेस्त्रींकडे जा. शेवटी पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल पिळून बघायचं. आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघायचं, ब्रेकच्या तारा ताणत तर नाहीत ना.

तुमच्या घरच्या जुन्या काळ्या सायकलीलाही हे लागू आहे. तिथं हँडलाच्या मधोमध एक लांब बोल्ट असतो, खाली त्याला पाचर. बोल्ट चार-पाच आटे सैल करून वर लाकूड ठेवून हातोडीनं हलकं ठोकायचं, पाचर सुटते. हँडल वर घ्या, पण नळीवर मर्यादेची खूण असेल तर ती बाहेर दिसता कामा नये. दांड्याचे ब्रेक असतील तर तेही पुन्हा लावून घ्या.

कुणी म्हणेल, हे लाड कशाला? नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघानं पूर्ण करून आले. एवढं अंतर नुसत्या सहनशक्तीवर कापता येत नाही. हात, मान, कंबर टिकली तरच पाय चालतात. लाड असतील तर ते पायाला काम करू देण्यासाठी.

आमच्या मित्राचं सांगून थांबतो. सीट सपाट केली, दोन कड्या खाली घातल्या, ११० चा स्टेम काढून ९० चा बसवला. तीन आठवड्यांत बोटांना जाण आली. त्याच्या गोळ्या चालूच आहेत, साखरही गेलेली नाही. पण गेल्या हिवाळ्यात तो आमच्याबरोबर निपाणीला जाऊन स्तवनिधीचा घाट चढून आला. वर पोचल्यावर त्यानं काय केलं? शर्टाची वरची गुंडी काढली, परत लावली आणि आमच्याकडे बघून हसला.

तुमच्यापैकी कुणी असंच काहीतरी पोत्याखाली झाकून ठेवलं असेल, आणि मनातली भीती घरात बोललेलं नसेल, तर आधी कुणाला तरी सांगा. डॉक्टरांना दाखवा. आणि सायकल असेल तर ती घेऊन रविवारी सकाळी या. पाने आमच्याकडे आहेत.

गणपती बाप्पा मोरया!